पहिला बार कोण काढणार

शी! सोनेरी पिस्तूल, आणि तेही हळदीत नाचताना उडवायला! प्रितेशने ते माझ्या हातात ठेवलं तेव्हा मला ओकारी यायचीच बाकी राहिली.

हा प्रितेश म्हणजे आमच्या शरदचंद्रशेठचा नातू, आता कारखान्याचा मालक. शेठ मूळचे गास गावचे, केळीच्या वाडीवाले. माकडं घड नासवायची म्हणून रीतसर परवाना काढून त्यांनी साठ साली बंदुकांचा कारखाना टाकला. आधी नुसती एकनळी, मग दुनळी, मग छर्‍यांची एअरगन. तीनच माल. वर्षाला दोनशे नग गेले की आम्ही पेढे वाटायचो. मी तिथे सदतीस वर्षं नळ्या बसवल्या. शेठचा एक दंडक होता. ज्याने बंदूक जुळवली, त्यानेच गिऱ्हाइकासमोर दस्ता आपल्या गालाला लावून पहिला बार काढायचा. मगच त्याचं अक्षर नळीवर ठोकायचं. माझं ‘सु’, सुधाकरचं. नवा नमुना असला की पहिला बार खुद्द शेठ काढायचे, आणि घरी त्यांची बायको देव पाण्यात घालून बसायची.

‘सु’ असलेली बंदूक कधी फुटली नाही. आयुष्यात मी तेवढंच कमावलं. एव्हरशाईन सोसायटीतला वन बीएचके तर विनयाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या पगारावर झालाय.

गेल्या आठवड्यात प्रितेश हे सोनेरी ध्यान घेऊन घरी आला. “काका, शनिवारी लाँच आहे. जुने डीलर येणार. तुम्ही फक्त स्टेजवर बसा. गोळी नाही हो यात, नुसता आवाज.”

मी नळी उजेडात धरली. ओतीव जस्ताची, वरून सोनेरी मुलामा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! आतून ओतकामाची बारीक भोकं राहिलेली, आणि खालच्या बाजूला ‘सु’.

“हे कुणी ठोकलं?”

“लेझरने मारलं, काका. जुन्या बंदुकीवरून कॉपी. तुमचा ब्रँड आहे तो! पाचशे पीस तयार आहेत.”

ब्रँड म्हणे! मेल्या, उद्या एखाद्या नवरदेवाची बोटं उडाली तर ती कुणाच्या नावावर जातील?

“पुसून टाक,” मी म्हटलं.

“आता कसं पुसणार?” असं म्हणून तो हसला आणि विनयाने केलेला चहा पिऊन गेला.

शनिवारी हॉलमध्ये त्याने भाषण ठोकलं. आजोबा, वाडी, परंपरा. ‘परंपरा’ हा शब्द त्याने किती वेळा घोळवला, देवाला माहीत. मग माइक माझ्या हातात दिला. टेबलावर पिस्तूल होतं, आवाजाची काडतुसंही होती.

“शेठचा दंडक तुम्हाला ठाऊक आहे,” मी म्हणालो. “नवा नमुना, मालकाचा पहिला बार. ये रे प्रितेश, उचल.”

टाळ्या पडल्या. प्रितेश जवळ आला. चेहरा हसरा, पण कपाळावर घाम. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, “काका, नको ना. माझी मुलगी लहान आहे हो.”

माइक चालू होता.

सगळ्या हॉलने ते ऐकलं. मला वाटलं, सुटलो, आता हा माल कोण घेतोय? तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक ढेरपोट्या डीलर खाकरला. “ते राहू द्या हो. लग्नसराईच्या आत किती पेट्या मिळतील?”

शेजारचा म्हणाला, “शिक्का काकांचा आहे ना? मग पब्लिक घेतंच.”

लोक हसले. मला शिसारी आली. त्यांची, प्रितेशची, आणि इस्त्रीचा शर्ट घालून तिथे मिरवायला गेलो म्हणून माझी स्वतःचीसुद्धा. टेबलावरचं पिस्तूल मी पिशवीत टाकलं आणि खाली उतरलो.

प्रितेश मागे धावत आला. “कुठे निघालात?”

“पोलिसांत.”

“वेड लागलंय का, काका? अक्षर तुमचं आहे त्यावर! आधी तुम्हालाच आत घेतील.”

“घेऊ देत.”

ठाण्यात हवालदारांनी वही उघडली आणि विचारलं, “तक्रार कुणाविरुद्ध?”

“दोन नावं आहेत,” मी म्हटलं. “पहिलं माझं लिहा.”