बेहडेवाडीचं पहिलं अक्षर

मी एक फळा बोलतोय. शाळेतला नव्हे हं. कर्जतहून कशेळ्याला जाताना झहीरभाईंची खाणावळ लागते, तिच्या दाराशी मी उभा असतो.

झहीरभाईंनी एका जुन्या दाराची फळी काढली, तिला काळा रंग फासला आणि मी झालो. मग माझ्यावर इंग्रजीत लिहिलं गेलं चायनीज राइस, इटालियन पास्ता, मेक्सिकन सँडविच. एवढ्याशा लाकडावर अख्खं जग! मी थक्कच झालो.

लिहिते त्यांची नववीतली मुलगी, इल्मा. एकदा झहीरभाईंनी घाईत स्वतःच लिहिलं, तर तिने चायनीजचं पहिलं अक्षर पुसून मोठं केलं. "अब्बा, हे देशाच्या नावावरून झालेलं विशेषण हाय. प्रॉपर अ‍ॅडजेक्टिव्ह. पदार्थाला लागलं तरी नावाचा मान जात नाय, पयलं अक्षर कॅपिटलच." केवढी मोठी गोष्ट ही! नाव परक्या ताटात गेलं तरी त्याची मान ताठ.

तळाशी मात्र बारीक अक्षरांत 'लोकल फूड' असायचं. ते सोनुबाईंचं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. डोंगरातल्या बेहडेवाडीहून त्या रोज जीपने कामाला येतात. गिऱ्हाइकं ती ओळ वाचतच नसत. शेवटी झहीरभाई म्हणाले, "सोनुबाई, हा रविवार बगू. नायतर तुमच्या जागी नेरळचा चायनीजवाला आणाय लागंल." सोनुबाई वाल सोलत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

रविवारी इल्माने विचारलं, "मावशी, असं बिरडं कुठं करतात गं?"

"आमच्या बेहडेवाडीत. आनी कुठं?"

इल्माने तळाची ओळ पुसली आणि सगळ्यात वर इंग्रजीत लिहिलं, बेहडेवाडी बिरडं. पहिलं अक्षर इटालियनच्या अक्षराएवढंच मोठं. लाकडाला काटा येत असेल तर तो मला तेव्हा आला.

पहिल्याच गाडीतल्या बाईंनी ते मोठ्याने वाचलं. "बेहडेवाडी? ही कुठे आली?" सोनुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या आणि त्यांनी डोंगराकडे बोट केलं. "ती काय, माजी वाडी." दुपारपर्यंत पातेलं रिकामं झालं. झहीरभाईंनी नेरळच्या माणसाला येऊ नको म्हणून कळवलं.

सोनुबाईंना वाचता येत नाही. पण आता त्यांच्या वाडीचं पहिलं अक्षर रोज त्याच काढतात. दोन पोटांचं ते इंग्रजी 'बी'. वरचं पोट मोठं, खालचं बारीक. शिकलेली माणसं हसतात, कुणी खडू मागतं. तुम्ही आलात तर बिरडं पोटभर खा, पण ते अक्षर सुधारायला जाऊ नका. ते काढताना सोनुबाई श्वास रोखून धरतात, आणि मीही.