चिंतामणकाकांचा गुंता

चिंतामणकाकांनी संगणकावर बनवलेलं गिअरबॉक्सचं मॉडेल म्हणजे नुसता गुंता होता. एका भोकाचं माप बदललं की अख्खं मॉडेल चुकांनी लालेलाल व्हायचं. मग मालक पुन्हा काकांनाच हाक मारायचे. बारामतीच्या एमआयडीसीत वीस वर्षं त्यांचं असंच चाललं होतं. मला भयंकर चीड यायची.

"आसावरी, हे एकदाचं सरळ करून टाक," मालक म्हणाले. महिनाभर खपून मी मॉडेलच्या प्रत्येक भागाला नाव दिलं, सगळी मापं एका तक्त्यात आणली. मालकांसमोर एकच आकडा बदलला आणि बाकीचं मॉडेल आपोआप जुळलं.

मालक हसले. "आता हे आपला स्टोअरकीपर कुशलसुद्धा करेल की!"

त्याच आठवड्यात त्यांनी काकांना घरी बसवलं.

निमगाव केतकीच्या एसटीपर्यंत मी काकांचा डबा घेऊन गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "माझं जाऊ दे, पोरी. पर तुझ्यासाठी तरी त्यात एखादी गाठ ठेवायची हुतीस."

परत आले, तर माझ्या खुर्चीत कुशल बसला होता. एकेक आकडा बदलून बघत होता.

मॉडेल एकदाही लाल झालं नाही.