सईची कोरी वही

दर रविवारी मी गल्लीतल्या मुलांना गारगोटीकडच्या जंगलात नेतो आणि वीस झाडांची नावं वहीत लिहायला सांगतो. चाचणीत नापास झाल्यापासून सई घरात बोलत नव्हती. तिच्या आईने, संयोगिताने, निघतानाच बजावलं, “वही कोरी आली तर पुन्हा पाठवणार न्हाय, गुरुजी.”

सई दिवसभर ओढ्यात पाय सोडून खेकडे बघत बसली. मी दोनदा वही पुढे केली, मग शेजारीच बसलो.

संध्याकाळी संयोगिताने वही उघडली. “कोरीच हाय की.”

“हो. तिला उठवावंसं वाटलं नाही.”

तेवढ्यात सई दारात हातपाय टेकून आडवी चालू लागली. “आई, खेकडा असा पळतो. बघ तरी.”

संयोगिता हसली. “गुरुजी, मोठ्या माणसांस्नी न्हेता का?”