प्रधानाला पाडणारी खुर्ची

मित्रांनो, मी राजाची जुनी खुर्ची आहे. पण लगेच मुजरा करू नका, कारण राजवाडा मी बघितलेलासुद्धा नाही. मी कसबा बावड्यातल्या एका तरुण मंडळाच्या देखाव्यातली खुर्ची. माझं काम एकच, प्रधानाला पाडणं!

पेठ वडगावच्या मीरासाब सुतारांनी मला घडवलं. पाय बाभळीचे, पाठ आंब्याच्या फळीची, वर सोनेरी बेगड. आमच्याकडे गणेशोत्सवात जिवंत माणसं देखाव्यात काम करतात, आणि आमच्या मंडळाचा देखावा म्हणजे कारस्थानी प्रधानाच्या गोष्टी. माझ्या मागच्या पायात मीरासाबांनी एक सांधा ठेवला आणि त्यात लाकडी पाचर ठोकली. पाचर आत असली की पैलवान बसला तरी मी हलत नाही. तिला बांधलेल्या दोरीचं टोक पडद्यामागं मीरासाबांच्या हातात असायचं. प्रधान बसला की दोरीला हिसका, पाचर बाहेर, पाय दुमडला आणि स्वारी धप्पकन खाली!

गोष्ट दरवर्षी नवी. एकदा प्रधानानं राजाला सांगितलं, "महाराज, ग्रह वाकडे हाईत, सात दिस मुकुट घालू नका." मग मुकुट स्वतःच घातला, तो नाकापर्यंत उतरून अडकला. एकदा राजाच्या दुधात झोपेचं औषध घातलं आणि गडबडीत तोच पेला स्वतः प्याला. पण कुठूनही फिरून तो शेवटी माझ्यावरच यायचा. मग पोरं बोंबलायची, "पडला रं पडला!" ती आरोळी ऐकली की मला धन्य वाटायचं.

पुढं मीरासाब गेले. मी तीन वर्षं मंडळाच्या खोलीत पडून होते. माझ्यावर रंगाचे डबे रचले, खाली मांजर व्याली. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

यंदा बैठक भरली. मंडळाचे अध्यक्ष जोतीराम अण्णा, वय सत्तरीच्या पुढं. आणि सल्लागार धैर्यशील. ह्या गड्याला सल्लागार कुणी नेमलं नव्हतं, त्यानंच पत्रिकेवर छापून घेतलं होतं. आता अध्यक्षपदावर डोळा होता.

"अण्णांनी आता आराम करावा," तो म्हणाला. "ही मोडकी खुर्ची भंगारात घाला. दिव्यांचा देखावा आणू. समदं मी बघतो."

दाराशी मीरासाबांची मुलगी हाफिजा उभी होती. वडिलांच्या मागं तिनंच रंधा हातात धरला होता. "खुर्ची मी उभी करीन, दोरीबी मीच ओढीन," ती म्हणाली. "एकदा जरी फसली, तर माझ्या हातानं कुऱ्हाड घालीन."

"बाईमाणसाचं काम हाय व्हय हे?" धैर्यशील हसला.

"खुर्चीलाच इचारा की!"

अण्णांनी निकाल दिला, "देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येतील त्या दिवशी ठरंल. चालली तर देखावा हाफिजाचा. न्हाय तर सल्लागार म्हणतील तसं."

म्हणजे माझा जीव टांगणीला, आणि तिची अब्रूही. आठ दिवस ती माझ्यामागं लागली. पहिली पाचर फुटली, दुसरी ढिली झाली. तिसरीला तिच्या अंगठ्याची साल निघाली, पण पाचर घट्ट बसली. प्रधानाचं काम करणारा सम्राटमामा वीस वेळा पडला.

"अगं, कंबर गेली माझी!"

"प्रधानाला कंबर नसती, मामा. आणखी एकदा."

परीक्षक आले ती संध्याकाळ. हाफिजानं पाचर तपासली, सटकन निघावी म्हणून तिला साबण चोळला आणि ती पडद्यामागं गेली. मग तिच्यासकट सगळे परीक्षकांच्या स्वागताला धावले. तेवढ्यात धैर्यशील हार नीट करायच्या मिषानं माझ्याकडं आला. त्यानं दोरी सोडली, पाचर उपसून खिशात टाकली आणि दोरी तशीच ताणलेली दिसावी म्हणून खिळ्याला अडकवली. "पाचरच न्हाय तर पाडंल कशी?" तो पुटपुटला.

अरे शहाण्या! ती पाचर मला पाडत नव्हती, ती मला धरून ठेवत होती! आता मी नुसती दिसायला उभी होते. बसणाऱ्याची काही खैर नव्हती.

आणि परीक्षक बाई म्हणाल्या, "आधी अध्यक्षांचा एक फोटो घेऊ, ह्या खुर्चीत."

अण्णा काठी टेकत उठले. म्हाताऱ्याची हाडं ती! ओरडावं तर तोंड नाही.

"अण्णांस्नी कशाला तरास? मी बसतो की!" अण्णांना मागं सारून धैर्यशील पुढं आला, पाय फाकवून ऐटीत बसला आणि मिशीला पीळ भरला.

धप्प!

"पडला रं पडला!" पोरांचा एकच कल्ला. त्याच्या खिशातून पाचर उडाली आणि घरंगळत हाफिजाच्या पायाशी गेली. तिनं पाचरीकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"लागलं न्हाय न्हवं?" तिनं विचारलं. "मग सरा. खेळ लावायचा हाय."

तिनं पाचर ठोकली, दोरी बांधली, आणि आधी स्वतः माझ्यावर बसून बघितलं. मी तसूभर हलले नाही. मीरासाब असते तर त्यांचा ऊर भरून आला असता. मग खेळ झाला आणि सम्राटमामा असा पडला की हसून हसून परीक्षकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पर धैर्यशील माझ्यापरीस झ्याक पडला," तो कंबर चोळत म्हणाला. "पुढच्या साली प्रधान त्योच!"

दोरी हाफिजाच्या हातात राहिली, आणि मी भंगारातून वाचले.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या जिवावर उभी आहे, तेवढं वाकून बघा. आणि माझ्यावर बसायची हौस असेल तर खुशाल या. फक्त आधी हाफिजाला विचारा, पाचर आत आहे ना?