बोटभर जागा

"बसतोय की," ती म्हणाली. "अगदी बरोबर बसतोय."

आठ वर्षांची मुलगी माझ्या दुकानातल्या उंच खुर्चीवर बसली होती आणि मी तिच्यापुढे गुडघा टेकून डाव्या बुटाची नाडी बांधत होतो. बूट देखणा झाला होता. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतं. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटरने आखूड. तेवढी उंची मी तळाला बुचाचे थर देऊन भरून काढली होती आणि ते थर कोणाला दिसू नयेत म्हणून कडेने गडद चामडं फिरवलं होतं. तिची आई दाराशी हाताची घडी घालून उभी होती. माप घेताना तीन आठवड्यांत देतो म्हणालो होतो आणि आता पाचवा महिना संपत आला होता. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मुलगी उतरली, दोन पावलं चालली, तिसऱ्या पावलाला तिने खालचा ओठ दातांत धरला. तीस वर्षं मी लोकांचे पाय बघतोय, मला चेहऱ्याआधी पाय वाचता येतो. तिला परत बसवलं, बूट काढला, मोजा काढला. पाचही बोटं आत मुडपलेली आणि अंगठ्याचं टोक लालबुंद. पाच महिन्यांत पाय वाढला होता. पोराबाळांचा पाय काय माझ्या सवडीसाठी थांबणार आहे?

"अगं, मग बसतोय म्हणून का सांगितलंस?"

तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला परत थांबायचं नव्हतं," ती म्हणाली.

मला शिव्या देणारी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली आहेत. एकाने तर काठी उगारली होती. त्यातलं काही मला लागलं नाही. हे मात्र लागलं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तिच्या आईने आवाज चढवला नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला नोकरी लागली होती, पहिल्या तारखेपासून हजर व्हायचं होतं, पाळी सकाळी सातची. शाळा साडेसातची, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आतापर्यंत ती मुलीला आधार देत, अर्धं वजन स्वतःच्या हातावर घेत शाळेत सोडायची. मुलगी एकटी चालली, की चवड्यावर चालायची आणि रस्त्यात पडायची. बूट नसतील, तर शाळा आणि नोकरी यांतलं एक सोडावं लागणार होतं, आणि नोकरी दुसऱ्यांदा कोणी देणार नव्हतं.

"काका, जमत नसेल तर आत्ताच सांगा," ती म्हणाली. "मी दुसरीकडे बघीन. पण हो म्हणालात, तर ते हो असू दे."

त्या दिवशी सोळा तारीख होती. मी म्हटलं, एकतीस तारखेला, दुपारी चार वाजता. पाय कागदावर ठेवून नवीन माप घेतलं. त्या गेल्या तेव्हा छोटी जोडी तिथेच पडून राहिली होती. मी ती उचलून माझ्या समोरच्या फळीवर, बरोबर नजरेसमोर ठेवली.

आता माझी ओळख सांगायला हरकत नाही. गल्लीत मला 'परवा' म्हणतात. नाव माझ्या तोंडामुळे पडलं. कोणीही कधीही विचारलं, की मी परवा या म्हणायचो. हात चांगला आहे, त्याबद्दल दुमत नाही. वाकडा घोटा, सपाट तळवा, आखूड पाय, सगळ्यांचे बूट मी करतो आणि डॉक्टर लोक माझ्याकडे माणसं पाठवतात. पण वेळ म्हटली की बोंब. आणि त्याची कारणं मला तोंडपाठ होती. लोक शांतपणे बसू देत नाहीत, फोन वाजतो, शेजारचा चष्मेवाला गप्पा मारायला बोलावतो, चामडंवाला माल उशिरा देतो. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझी थोरली बहीण म्हणते.

ही अक्का दुकानामागच्या दोन खोल्यांत माझ्याबरोबर राहते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तीन मिनिटं झाली की कॉल तोडायचा, मग बोलणारा रडत असो की हसत. त्या नोकरीने तिची जीभ धारदार केली ती कायमचीच.

रात्रीच्या जेवणाला मी तिला मुलीच्या बोटांचं सांगितलं. शेवटी म्हटलं, आता नीट वेळापत्रक करतो. ती हसली. मागच्या वर्षी मी एक वेळापत्रक केलं होतं. मोठा कागद, लाल पेन्सिलीच्या रेघा, अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. ते करायलाच माझा अख्खा दिवस गेला होता आणि नंतर त्यावर मी खळीचं भांडं ठेवायचो.

"तू उद्या काय करणार ते लिहितोस," अक्का म्हणाली. "आज काय केलंस ते कधी बघितलंस?"

लिहिणं माझ्याने होणार नव्हतं. हात दिवसभर खळीत नाहीतर मेणात. मग मला खिळे सुचले. ठरवलं, की कामावर बसल्यावर स्टुलावरून जितक्या वेळा उठेन, तितके बारीक खिळे समोरच्या बाकाच्या कडेला ठोकायचे. दुसऱ्या कोणी उठवलं तर काळा खिळा. आपणहून उठलो तर पितळी. माझी खात्री होती की संध्याकाळी काळ्या खिळ्यांची रांग लागेल आणि मी अक्काला बोलावून दाखवीन, बघ, माझा काय दोष.

सतरा तारखेच्या संध्याकाळी बाकाच्या कडेला सेहेचाळीस खिळे होते. काळे नऊ.

मी परत मोजले. नऊच. उरलेले सदतीस पितळी, आणि दिव्याच्या उजेडात ते चांगले चमकत होते. म्हणजे लोक मला उठवत नव्हते, मीच लोकांकडे जात होतो. चष्मेवाल्याने मला दिवसभरात एकदा बोलावलं होतं, मी त्याच्याकडे सहा वेळा गेलो होतो. बिचाऱ्याच्या नावाने वर्षानुवर्षं बिल फाडत आलो! अक्का आली, वाकून तिने खिळे बघितले आणि भांडी आवरायला गेली.

पुढचे दोन दिवस मी स्वतःवर पाळत ठेवली, जशी एखाद्या संशयितावर ठेवावी. सकाळी चामडं कापताना मी दोन दोन तास हलत नव्हतो. कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर, चामडं ताणून बसवताना तर मला तहानही लागत नव्हती. पितळी खिळे पडायला लागायचे ते तळ जोडायची वेळ आली की. तेव्हा मला पाणी आठवायचं, चामडं कापायच्या रापीला धार नाही असं वाटायचं, चष्मेवाल्याची तब्येत विचारावीशी वाटायची.

मग मी मान वर करून फळ्या बघितल्या. अर्धवट राहिलेल्या अकरा जोड्या. अकराही एकाच ठिकाणी थांबलेल्या. वरचं सगळं तयार, तळ जोडायचा बाकी. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, आणि तेही अकरा वेळा. मी आयुष्यभर समजत होतो की माझा उशीर सगळीकडे सांडलेला आहे. तो एकाच जागी साचलेला होता.

का, ते मला स्टुलावर बसल्या बसल्या कळलं, आणि कळलं तेव्हा हातातली टोचायची आरी खाली ठेवावी लागली. तळ जोडला की बूट पुरा होतो. पुरा झाला की माणूस येतो, घालतो, उभा राहतो, आणि पहिल्या पावलाला उघड होतं की मला जमलं की नाही. अर्धवट बुटाला कोणी नावं ठेवू शकत नाही. मी कामचुकार आहे असं सगळे म्हणायचे, मीही हसून मान डोलवायचो, कारण आळशी म्हणवून घेणं सोपं होतं. खरं म्हणजे मी घाबरट होतो. पन्नाशी उलटल्यावर हे समजलं, पण समजलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दिवस उलटा केला. ज्या कामाला पळतो ते सकाळी सर्वांत आधी, हात ताजा असताना. चामडं कापणं, जे मला आवडतं, ते दुपारी, बक्षीस म्हणून. दारावर पाटी लावली: 'अकरापर्यंत बंद. आत आहे, पण बंद.' चष्मेवाल्याने वाचली आणि काचेवर टकटक केली. मी हातानेच अकराची खूण केली. तो दोन दिवस फुगून बसला, तिसऱ्या दिवशी बरोबर अकराला चहा घेऊन आला. आणखी एक केलं. येईल त्याला परवा म्हणायचं नाही, असा कानाला खडा लावला. आता मी आधी फळीकडे बघायचो, मग बोलायचो. एका बाईंना दोन महिने लागतील असं सांगितलं, तर त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, निदान खरं तरी बोललात.

सव्वीस तारखेला मात्र ये रे माझ्या मागल्या. चामडंवाला मऊ, तपकिरी, लोण्यासारखं कातडं घेऊन आला आणि मी सकाळीच ते कापायला घेतलं, कोणासाठी तेही न ठरवता. संध्याकाळी त्या एका दिवसाचे अठ्ठावीस खिळे. समोर छोटी जोडी माझ्याकडे तोंड करून बसलेली. मी ते कातडं गुंडाळून अक्काच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली तिच्याजवळ दिली. तिने किल्ली कमरेला खोचली, म्हणाली, एकतीसला सव्वाचारला मिळेल.

अठ्ठावीसला डाव्या बुटाचा तळ जोडून झाला. सपाट लादीवर ठेवून उंची मोजली, तर ती चार मिलिमीटर जास्त होती. ज्याला घाबरत होतो तेच झालं. पूर्वी हा बूट फळीवर गेला असता आणि तिथेच म्हातारा झाला असता. त्या दिवशी मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो, स्टुलावरून न उठता. मग तळ उचकटला. दुसऱ्या सकाळी बुचाचा एक थर तासून बारीक केला आणि परत जोडला. आभाळ कोसळलं नाही. एक सकाळ गेली, एवढंच.

तीस तारखेच्या संध्याकाळी दोन्ही बूट बाकावर तयार होते. त्या दिवशीचे खिळे सहा, आणि त्यांतले पितळी दोन.

एकतीसला त्या दोघी चारला दहा कमी असतानाच आल्या. आईची नजर आधी बाकावर गेली आणि बूट दिसल्यावर तिचे खांदे थोडे खाली आले. मुलगी खुर्चीवर चढली. मी बूट चढवले, नाड्या बांधल्या, डाव्या बुटाच्या टोकावर अंगठा ठेवला.

"बोटं हलव बघू."

चामड्याखाली पाच बोटं हलली. एकेक वेगळं कळत होतं. मी अंगठा काढायला थोडा उशीरच केला.

ती वाकून बघत होती. "काका, पुढे जागा राहिलीय," ती म्हणाली. आता परत चुकलं की काय, अशी भीती तिच्या आवाजात होती.

"ठेवलीय. बोटभर. पाय वाढायला लागते."

"मग मागच्या वेळी का नव्हती ठेवली?"

आई म्हणाली, असं विचारू नये. मी म्हटलं, विचारू दे.

"होती," मी म्हणालो. "तेव्हाही बोटभरच ठेवली होती. मीच संपवली."

तिने जरा विचार केला आणि मान हलवली. मग उतरली. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. दोन्ही टाचा टेकत होत्या. ओठ दातांत नव्हता. तिची तिसरी फेरी होईपर्यंत मी मात्र त्या टाचांवरून नजर हलवली नाही. तिच्या आईने पदराने तोंड पुसलं आणि सांगितलं, की उद्या सातला ती हजर होईल. मग विचारलं, पुढची जोडी कधी. मी फळीकडे पाहिलं, हिशेब केला, पाच महिन्यांनंतरची तारीख सांगितली आणि ती बाकावर खडूने लिहिली. तिनेही ती लिहून घेतली. माझी तारीख कोणी लिहून घ्यावी, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या निघाल्या. आईने सवयीने हात पुढे केला, मुलीने तो धरला नाही. मी स्टुलावरून उठून दारात गेलो. ती कोपऱ्यापर्यंत फरसबंदीवरून चालत गेली आणि दोन्ही पावलांचा आवाज सारखा येत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिला पुढे जायचं होतं.

परत येऊन बसलो आणि एक पितळी खिळा ठोकला. अक्का कपाटाची किल्ली घेऊन आली होती. तिने विचारलं, काम तर संपलं, मग हा कशाचा?

"आपणहून उठलो होतो," मी म्हटलं.

उरलेल्या जोड्या त्या वर्षात एकेक करून मालकांकडे गेल्या. बाकाच्या कडेचे खिळेही मी नंतर पकडीने उपटून काढले. तो एक ठेवलाय.