खापरातला नट

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, आणि माझी गोष्ट सांगायला मी इतकी आतुर झाले आहे की गिअर टाकायचाही धीर नाही!

कारखान्यातून निघाले तेव्हा मला वाटलं होतं, एखाद्या डॉक्टरांच्या दारात सावलीला उभी राहीन. नशिबी आल्या आधी शाळेच्या फेऱ्या आणि मग अमळनेरच्या झुंबरबाई. त्या लग्नाकार्यात मांडे करून देतात आणि त्यांची सून मोनाली मला चालवते. माझ्या पोटात कणकेची परात असते, पुरणाचं पातेलं असतं आणि मानाच्या जागी गोधडीत गुंडाळलेलं खापर असतं. खापर म्हणजे मातीचं रुंद भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि त्याच्या तापलेल्या पाठीवर हातभर मांडा टाकायचा. पाचोऱ्यापासून सोनगीरपर्यंत कुठेही मांडवाशी पोचले की पोरं ओरडतात, "मांडासनी गाडी उनी!" खरं सांगते, तेव्हा मी एखाद्या नव्या मोटारीपेक्षा तोऱ्यात उभी राहते.

गेल्या वैशाखात सोनगीरला मोठं लग्न होतं. संध्याकाळच्या पंगतीला मांडे वाढायचे होते. उन्हाचा तडाखा बघून मोनालीने धुळ्यात एका गॅरेजपाशी मला थांबवलं. "फक्त एकदा नजर टाका," असं मालकाला सांगून सासू-सुना तूप आणायला बाजारात गेल्या.

मालकाचं नाव किरण. त्याच्या मिस्त्रीने माझं सामान उतरवलं, जॅक आणला आणि नको तिथे, दाराखालच्या नाजूक पत्र्याला लावला. मला उचललं, मागचं चाक काढलं आणि जॅकचा दांडा आणखी दाबत गेला. कड्डकन आवाज झाला! पत्रा आत गेला, सरकतं दार तिरकं होऊन अडकलं. मी जिवाच्या आकांताने ओरडले असते, पण मला तोंड कुठे? किरण धावत आला. त्याने पाहिलं, दात-ओठ खाल्ले आणि म्हणाला, "चाक बसव लवकर. उतरव खाली."

मोनाली परतली. दार ओढते तर ते हलेना.

"ताई, हे आधीचंच आहे," किरण म्हणाला. "जुनी गाडी. आम्ही तर ती उचललीच नाही. नुसतं बोनेट उघडून पाहिलं."

"सकाळी मी याच दारातून परात ठेवलीय!" मोनालीचा आवाज चढला. तिने वाकून पत्र्याचे फोटो काढले. "हा जॅकचा ठसा बघा. ताजा आहे."

"ठसा कुठलाही असू शकतो, ताई."

संतापाने माझं इंजिन बंद असूनही तापलं. ऊन उतरायला लागलं होतं. सोनगीरला चुली पेटल्या असतील. मांडे वेळेवर गेले नाहीत, तर झुंबरबाईंना पुन्हा कोण बोलावणार?

झुंबरबाईंचं मात्र भांडणाकडे लक्षच नव्हतं. त्या उतरवलेल्या सामानात काहीतरी शोधत होत्या. "मनं खापर कोठे शे?"

खापर भिंतीशी होतं. सुलटं! आत काळं तेल आणि त्या तेलात एक नट.

"अरे, मना खापरमा नट?" झुंबरबाई किंचाळल्याच. "हाई काय घमेलं शे का?"

मिस्त्री इंदूरकडचा होता. बिचारा गोंधळून म्हणाला, "मौसी, मैंने तो तसला समझा. पहिये के नट रखे थे." त्याच्याकडे घमेल्यालाच 'तसला' म्हणतात.

मोनाली माझ्या मागच्या चाकाशी गेली. तिथे एक नट कमी होता.

"चाकांचे नट?" ती किरणकडे वळली. "गाडी उचललीच नव्हती ना?"

किरणचं तोंड उतरलं. पण तो पत्र्याकडे बघत नव्हता, तो खापराकडे बघत होता. तो खानदेशातलाच पोर. त्याच्या घरी खापराला कुणी चपला घालून ओलांडलेलंही चालत नसे. आणि तेल मुरलेल्या खापरावर आता मांडा कसा टाकणार? त्याने लगेच आईला फोन लावला.

थोड्या वेळात त्याची आई बेबाबाई रिक्षातून उतरल्या, मांडीवरचं स्वतःचं खापर बाळासारखं सांभाळत. सगळं ऐकून त्या लेकाला म्हणाल्या, "तुना गॅरेजमा मोडनं ना? मंग तसं सांग."

"चूक झाली," किरण पुटपुटला.

"कोनी?"

"माझी. आमच्याच जॅकने मोडलं, ताई. नवा पत्रा मी बसवून देईन. आज फक्त दार चालू करतो."

त्याने स्वतः नट बसवला, पत्रा ठोकून जरा बाहेर काढला. दार कुरकुरत सरकलं. बेबाबाई पदर खोचून आत चढल्या. "चाल माय, मी बी येस. दोन हात जास्ती ऱ्हायनात ते बरं."

मग काय धावले मी, मित्रांनो! मागे किरण मोटारसायकलवर, नजर माझ्या दारावर. सोनगीरचा किल्ला दिसला, चुलींचा धूर दिसला, पोरांचा गलका झाला. दोघी म्हाताऱ्यांनी मनगटांवर मांडे असे झुलवले, की पंगत वेळेवर बसली.

नवरीच्या काकांनी माझ्या दाराकडे बघत विचारलं, "गाडीले काय व्हयनं?" मोनाली तोंड उघडणार, तोच किरण पुढे झाला आणि भर मांडवात म्हणाला, "माझ्या गॅरेजमध्ये मोडली, काका. माझ्यामुळे. आणि मी आधी खोटं बोललो."

मित्रांनो, गाडी तपासायला देताना चारी बाजूंनी फिरून बघा, फोटो काढा आणि परत घेतानाही तसंच बघा. तुमच्या हातून कुणाचं काही मोडलं, तर त्याने विचारायच्या आधी सांगा. पोचे आम्ही सोसतो, ठोकले की निघतात. पण ज्याने पोचा पाडला तोच आमच्याकडे बोट दाखवून 'हे आधीचंच आहे' म्हणतो ना, ते फार लागतं.