न लावलेला कौल

आमच्या घरात कुठे जायचं झालं तर आधी बाबांची परवानगी लागते. बाबांना जाऊन दहा-बारा वर्षं झाली, म्हणून काय झालं? देव्हाऱ्यात पितरांच्या नावांची पाटी आहे, पाटीपुढे कौलाचे लाकडी तुकडे आहेत आणि आईचे हात अजून शाबूत आहेत. चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. ओंजळीत धरायचे, प्रश्न विचारायचा आणि जमिनीवर सोडायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला की बाबा हो म्हणाले. दोन्ही फुगीर आले की नाही. दोन्ही सपाट आले की बाबा नुसते हसताहेत, प्रश्न नीट विचार म्हणताहेत. जिवंत असताना बाबा एवढं कधी बोलले नव्हते.

यंदा रिवाजाप्रमाणे पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायला सगळे जमलो तेव्हा तायपेईला राहणारा माझा धाकटा भाऊ आ-होंग म्हणाला, "ताई, आईला घेऊन गाडीने अख्ख्या तैवानला वळसा घालून येऊ. मी, ली-च्वेन, यू-शान, तू आणि आई. वाटेतली ठिकाणं तू ठरव. तुझ्याइतकं ते कुणाला जमतंय?"

आता हे मात्र खरं. मी लुकांगच्या बालवाडीची गाडी चालवते. गाडीभर पोरं एकाचीही चड्डी ओली होऊ न देता घरी पोचवते. कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि कुणाला आधी उतरवायचं हे मला कुणी शिकवायला नको. ली-च्वेन, म्हणजे आ-होंगची बायको, तिला फोटो हवेत. आ-होंगला दर दोन तासांनी भूक लागते. त्यांची मुलगी यू-शान कॉलेजात आहे, तिला फक्त झोप हवी. आणि आईला तासातासाला संडास, तोही खुर्चीचा, कारण तिचे गुडघे धरलेत. ती खाली बसली की मी हात दिल्याशिवाय उठत नाही.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मला आजवर कुणी फिरायला नेलं नव्हतं. बाबांचं आजारपण काढलं, आईचे गुडघे काढतेय, त्यात लग्नाचं वय गेलं आणि पन्नाशीही उलटली. ह्याच घरात म्हातारी होईन आणि मेल्यावर पाटी होऊन ह्याच देव्हाऱ्यात बाबांच्या शेजारी बसेन, असं मी धरून चालले होते. बाबा जाताना बाकी कुणाला काही बोलले नाहीत, मला मात्र नावाने हाक मारून म्हणाले, "मान, माझी उदबत्ती चुकवू नकोस." सकाळ-संध्याकाळ, ताप असला तरी, मी चुकवली नाही. भावाला ते उशिरा का होईना दिसलं, असं मला वाटलं.

मग आमचं ठरवणं सुरू झालं. मी नकाशा घेऊन देव्हाऱ्यापुढे बसायची आणि ठिकाण वाचायची, आई कौल टाकायची.

"तैनानचा कोळंबीचा भात," मी म्हणायची. हो.

"अगदी दक्षिण टोकाचा दीपस्तंभ." बाबा हसले. पुन्हा टाकला, पुन्हा हसले.

"दीपस्तंभात हसण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"लग्नानंतर ते मला तिथे नेणार होते," आई म्हणाली. "मग म्हशीला रेडकू झालं." तिसऱ्यांदा टाकला तेव्हा हो आलं.

"तायतुंगच्या अलीकडे गरम पाण्याची कुंडं."

नाही आलं. स्पष्ट नाही.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "उघड्यावर अंघोळ त्यांना चालायची नाही."

"अगं, आडोसे असतात तिथे."

"ते त्यांना कोण सांगणार?" मग जरा विचार करून तिने प्रश्न बदलला, "अहो, नुसते पाय बुडवले तर?" हो आलं. आई माझ्याकडे बघून लबाड हसली. बाबांकडून कसं काढून घ्यायचं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

सगळा वळसा असा ठरला. कुठला डबा घ्यायचा, कुठल्या बाजूने निघायचं, खिडकीशी कोण बसणार, सगळं बाबांनी ठरवलं. फक्त एक जागा राहिली. आ-होंगने फोनवर सांगितलं होतं, "तायतुंग सोडलं की ती दुपार रिकामी ठेव ताई. डोंगरावर एक देऊळ आहे, खाली समुद्र. ते माझ्याकडे. तुला समुद्र आवडतो ना?"

मी आईला म्हटलं, "आ-होंगचं देऊळ विचारायचं राहिलं बघ."

आई तुकडे लाल फडक्यात गुंडाळत होती. "ते विचारायला नको."

"का गं? खिडकीचंसुद्धा विचारलंस."

"देवळात जायला कसली आलीय परवानगी," म्हणाली आणि गॅसवर काही नसताना गॅस बघायला गेली.

मला गंमत वाटली. सगळे मिळून माझ्यासाठी काहीतरी लपवताहेत, एवढं माझ्या लक्षात आलं. माझा वाढदिवस जवळच होता. मी एक नवा सदरा घेतला, फिकट निळा, खास त्या दुपारसाठी.

प्रवास झकास चालला होता, हे सांगायलाच हवं. गाडी मीच चालवत होते. आई पुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकना नावं ठेवत होती. दीपस्तंभापाशी ली-च्वेनने इतके फोटो काढले की यू-शान म्हणाली, "आई, दीपस्तंभ लाजला." कुंडात आईने पाय बुडवले आणि मग हळूच गुडघ्यापर्यंत गेली. "बाबांना सांगू?" मी म्हटलं. "सांग की," ती म्हणाली, "तिथून त्यांना दिसत नाही." रोज सकाळी मी शेजारच्या छाय काकूंना फोन करून बाबांच्या उदबत्तीची आठवण करत होते.

तायतुंग सोडल्यावर मी निळा सदरा घातला.

देऊळ खरंच सुंदर होतं. समुद्र पार क्षितिजापर्यंत. एक भिक्षुणी सामोरी आली, आम्हाला चहा दिला आणि मागच्या दालनात घेऊन गेली. दालनात भिंतभर कप्पे होते, आणि कप्प्याकप्प्यात एकेक पाटी, एकेका गेलेल्या बाईचं नाव. भिक्षुणी खिडकीजवळच्या कप्प्याशी थांबली. त्यातल्या पाटीवर लाल कागद चिकटवलेला होता. जिवंत माणसाचं नाव असं झाकून ठेवतात.

"हीच ती," ती आ-होंगला म्हणाली. मग आमच्याकडे वळून तिने प्रेमाने विचारलं, "आजारी कोण आहे?"

"कुणी नाही," आ-होंग म्हणाला. "ताईची आहे. ताई, इथून समुद्र दिसतो बघ. मी मुद्दाम खिडकीजवळची मागून घेतली. लोक वर्षानुवर्षं थांबतात ह्या जागेसाठी."

मी हसले. खरंच हसले, कारण मला वाटलं आपलं काहीतरी चुकतंय.

"माझी कशी?" मी म्हटलं. "माझी जागा घरी आहे."

आ-होंग ली-च्वेनकडे बघायला लागला. ली-च्वेन समजावणीच्या सुरात म्हणाली, "ताई, तुम्हाला रीत माहितीय. मुलीची पाटी नवऱ्याच्या घरी जाते. लग्न न झालेल्या मुलीची माहेरच्या देव्हाऱ्यात ठेवली तर घरातल्यांना बाधते म्हणतात. मेल्यावर तुमचे हाल होऊ नयेत म्हणून तर ह्यांनी एवढी धडपड केली."

"इथे रोज मंत्र म्हणतात," आ-होंग म्हणाला. "आणि तुझ्यासारख्याच सगळ्या आहेत. सोबत होईल."

तो मनापासून बोलत होता. मला तेच सहन होईना. लबाडी असती तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. लहानपणी दिलीय.

"आणि मी लग्न नाही केलं तर?" यू-शानने विचारलं. "मलापण इथे ठेवणार?"

"गप्प बस," ली-च्वेन म्हणाली.

मी आईकडे वळले. आई खिडकीतून समुद्र बघत होती, आईला समुद्र आवडत नाही. मला सगळं एकदम कळलं. गॅस, लाल फडकं, 'विचारायला नको'. सगळ्यांना माहीत होतं. जायची तयारी, ठिकाणं, हसणं, सगळं ह्या कप्प्यापर्यंत मला आणण्यासाठी होतं. आणि वाट मीच आखून दिली होती.

"आई, तुला माहीत होतं?"

"समुद्र दिसतो, मान," आई म्हणाली. "मी डोळे मिटायच्या आत तुझी सोय झालेली बरी."

मी बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. त्यानंतरची ठिकाणं मी सगळी गाळली. संगमरवराची दरी गेली, कड्याखालचा किनारा गेला. आई म्हणाली की थांबायची आणि तिला हात देऊन आत न्यायची, बाकी कुणासाठी थांबले नाही. आ-होंग दोनदा म्हणाला, "ताई, मी चालवतो." मी किल्लीला हात लावू दिला नाही. मुक्कामाच्या गावी खोलीत मी भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी तायपेईत त्यांना त्यांच्या दारात उतरवलं. यू-शानने जाताना मला मिठी मारली. आ-होंग म्हणाला, "तुला राग का आला तेच मला कळत नाही." त्याला खरंच कळलं नव्हतं.

मग गाडीत आम्ही दोघीच राहिलो.

बराच रस्ता गेल्यावर मी म्हटलं, "पाय बुडवायचं विचारलंस. भाताचं विचारलंस. माझ्या घरातल्या जागेचं बाबांना का नाही विचारलंस?"

आई ट्रककडे बघत राहिली. आज तिने एकालाही नाव ठेवलं नाही.

"भीती वाटली," ती म्हणाली.

"नाही म्हणतील म्हणून?"

"हो म्हणतील म्हणून." तिने रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली. "तुझ्यावर त्यांचा जीव. राहू दे पोरीला म्हणाले असते. मग मी आ-होंगशी भांडायचं होतं का? उद्या माझी उदबत्ती तोच लावणार ना? त्या कामाला तुझा हात चालत नाही, मान. मुलाचा लागतो."

"बाबांची इतकी वर्षं कोण लावतंय?"

"ती तू आ-होंगच्या वतीने लावतेस," आई म्हणाली.

मी गाडी तशीच चालवत राहिले. बाबा जाताना माझं नाव घेऊन बोलले होते, आ-होंगचं नाही. त्यावर आईचं हे उत्तर तयार होतं, आणि कितीतरी वर्षांपासून तयार असणार. रोज सकाळी माझ्या पाठीमागे उभी राहून ती मनात हेच म्हणत असणार. मला रडू आलं नाही.

लुकांगला पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. छाय काकूंनी उदबत्ती चुकवलेली नव्हती. मी हातपाय धुतले, ताजी उदबत्ती लावली आणि कपाटातून लाल फडकं काढलं.

"काय करतेस?" आई दारातून म्हणाली.

"विचारते."

"मान, नको."

मी गुडघे टेकले. तुकडे ओंजळीत धरले. मला काही सजवून विचारता येत नाही. मी म्हटलं, "बाबा, मी मान. मेल्यावर मी इथे तुमच्यापाशी राहू का?" आणि ओंजळ उघडली.

एक तुकडा माझ्या गुडघ्याशी पडला, सपाट अंग वर. दुसरा गरगरत आईच्या पायाशी गेला आणि माझी आई, जी खुर्चीवरूनसुद्धा हात धरून उठते, ती धपकन खाली बसली आणि तिने त्याच्यावर तळहात दाबला.

तिच्या हाताखाली फुगीर अंग असलं तर बाबा हो म्हणाले होते, सपाट असलं तर नुसते हसत होते. नाही ते म्हणालेच नव्हते, हे माझ्याइतकंच तिलाही दिसत होतं.

"हात काढ, आई."

तिने नाही म्हणून डोकं हलवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात निघाला नाही. तो हात मी रोज तेल लावून चोळते, त्यात किती जोर आहे मला ठाऊक आहे. दोन बोटांनी उचलला गेला असता.

मी उठले. आईचे गुडघे आता दुखायला लागले असणार. एक हात तसाच जमिनीवर दाबून तिने दुसरा हात सवयीने माझ्याकडे वर केला, उठवण्यासाठी.

मी फोन काढला आणि तायपेईला लावला.

"आ-होंग," मी म्हटलं, "ये. आईला उठवायचंय."